‘कव्हर लेटर कोणी वाचत नाही’ हे सांगणं थांबवा

नोकरी शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातोय. कव्हर लेटर, म्हणजे रेझ्युमेसोबत पाठवायचं पत्र, संपलं, एचआर ते उघडतही नाहीत, सॉफ्टवेअरच अर्ज उडवतं, जर्मन रेल्वेनेसुद्धा ते बंद केलं. तेव्हा एआयकडून एक पत्र करून घ्या आणि कंपनीचं नाव बदलून सगळीकडे पाठवा, असा त्याचा सूर. मी एका छोट्या संस्थेत भरतीसाठी आलेले अर्ज चाळते. हा सल्ला मानून चांगली, कामाची मुलं मागे पडताना दिसतात, म्हणून हे लिहितेय.

आधी ‘कोणीच वाचत नाही’ याबद्दल. काही ठिकाणी खरंच त्याची गरज नसते. एमपीएससी किंवा सरकारी बँकांच्या भरतीत परीक्षा आणि गुणवत्ता यादी ठरवते. लिंक्डइनच्या ‘इझी अप्लाय’मध्ये बऱ्याचदा पत्र मागतच नाहीत. पण सीएचं ऑफिस, छोटा कारखाना, खासगी शाळा, सामाजिक संस्था इथे अर्ज ईमेलवर येतात, आणि मेलमध्ये तुम्ही जे लिहिता तेच तुमचं कव्हर लेटर असतं. रेझ्युमेची फाइल उघडायच्या आधी तेच डोळ्यांसमोर येतं. तिथे काय असतं? ‘प्लीज फाइंड अटॅच्ड माय रेझ्युमे’ एवढंच. कित्येकदा तेही नसतं. कोरा मेल आणि खाली फाइल. वाचणारा वाचायला बसलेला असतो, पण समोर वाचण्यासारखं काही नसतं.

जर्मन रेल्वेची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितली जाते. डॉइश बानने २०१८मध्ये पत्राची अट काढली ती आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे प्रशिक्षणार्थी म्हणून येणाऱ्यांसाठी. बहुतेक शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले, कामाचा अनुभव नसलेले. चार-पाच वर्षं नोकरी केलेल्या माणसाने त्यावरून काय धडा घ्यायचा? फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून आपल्याकडेही जर्मनीची चर्चा वाढली आहे. तिकडे अर्ज करणाऱ्यांनी या फॉरवर्डवर विसंबून पत्र गाळू नये. जाहिरातीत काय मागितलंय ते बघावं.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ते अर्ज गोळा करतं, लावतं, शोधून देतं. फॉर्ममधल्या थेट प्रश्नांवर चाळणी लागू शकते: अनुभव किती, नोटीस पीरियड किती, दुसऱ्या शहरात याल का. ही उत्तरं नीट भरा. मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरवताना मात्र बहुतेक ठिकाणी माणसं बसतात आणि पत्र जोडलेलं असेल तर ते उघडता येतं.

आता खरा घातक सल्ला: एकच पत्र सगळीकडे. समजा, अकाउंट्स असिस्टंटची जागा आहे. नेहमीचं पत्र म्हणतं, ‘मी मेहनती आणि प्रामाणिक असून आपल्या नामांकित कंपनीत काम करण्यास उत्सुक आहे.’ यातून मला काहीच कळत नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं, ‘तुमच्या जाहिरातीत टॅली आणि जीएसटी आहे. मी सध्या एका हार्डवेअरच्या होलसेल दुकानाचे हिशेब बघते. ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं थ्रीबी या दोन्ही जीएसटी रिटर्नची बिलं जुळवून सीएंकडे देणं माझ्याकडे आहे.’ हिने हे काम हाताने केलंय, हे लगेच कळतं. हिला मी फोन करणार. इंग्रजी साधंसुधं असलं तरी करणार.

हे मुद्दाम सांगतेय, कारण मराठी माध्यमातली मुलं इंग्रजीच्या धास्तीनेच तयार साच्याकडे वळतात. एआयकडून व्याकरण तपासून घ्या, त्यात काही वावगं नाही. पण तुम्ही काय काम केलंय हे त्याला तुम्हीच सांगायला हवं. नाही सांगितलं तर ते ‘पॅशनेट’, ‘डायनॅमिक’ भरून देतं, कधी न केलेलं कामही घालतं आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला माणूस अडकतो.

‘रेझ्युमेत सगळं असतंच’ हेही पटत नाही. रेझ्युमेत तारखा असतात, कारणं नसतात. २०२१ ते २०२४ कोरं दिसलं की वाचणारा मनाने काहीही अंदाज बांधतो. ‘सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली होती, आता पूर्णवेळ काम करू शकते, मधल्या काळात टॅली प्राइम शिकले’ एवढ्याने शंका मिटते. नागपूर सोडून पुण्याला का येताय, शिक्षकी सोडून ऑफिसात का, याचीही उत्तरं पत्रातच देता येतात.

मेलच्या विषयात पदाचं आणि तुमचं नाव घाला. मजकूर दीड-दोनशे शब्दांत बसवा: जाहिरातीतल्या कोणत्या कामाचा अनुभव आहे, तो कुठे घेतला, कधीपासून रुजू होऊ शकता. पाठवण्याआधी कंपनीचं नाव पुन्हा एकदा बघा. आमच्याकडे दुसऱ्याच कंपनीच्या नावाने लिहिलेली पत्रं नेहमी येतात.