वार्गा म्हणजे ‘स्वस्तातला इमर्सन’? जरा थांबा

सकाळी चहा घेता घेता मारिआन वार्गा या स्लोव्हाक ऑर्गनवादकाचं एक जुनं रेकॉर्डिंग शेअर केलं. दहा मिनिटांत एका मित्राची कमेंट : ‘छान आहे, पण हा म्हणजे पूर्व युरोपातला स्वस्तातला कीथ इमर्सन.’ (इमर्सन म्हणजे इंग्लंडचा गाजलेला रॉक कीबोर्डवादक.) पुढे हसरी इमोजी. तुकडा वीस मिनिटांचा, कमेंट दहाव्या मिनिटाला! ऐकायच्या आधीच निकाल लावून मोकळे.

स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हात, नोकरीला होतो तेव्हा पेत्रझाल्कातल्या एका पॅनेल बिल्डिंगमध्ये राहायचो. घरमालक सत्तरीचे. एका रविवारी त्यांनी ‘कोन्वेर्गेन्त्सिए’ लावली. वार्गाच्या बँडचा १९७१ चा डबल अल्बम, चार बाजू आणि चारच रचना. मी मध्येच काहीतरी विचारायला गेलो, तर त्यांनी तर्जनी वर केली. बस. बाजू संपेपर्यंत चकार शब्द नाही. मग उठले, तबकडी फडक्याने पुसली, उलटली आणि परत बसले.

आता इमर्सनचं. वार्गावर इमर्सनच्या ‘द नाइस’ बँडचा प्रभाव होता, मान्य. हॅमंड या इलेक्ट्रिक ऑर्गनवर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवण्याची वाट त्या लोकांनी आधी धरली, हेही मान्य. पण वार्गाने फेडोर फ्रेशो आणि दुशान हायेकला घेऊन ‘कोलेगिउम म्युझिकुम’ हा आपला बँड उभा केला १९६९ मध्ये. इमर्सनच्या ज्या ‘इमर्सन, लेक अँड पामर’च्या नावाने लोक छाती फुगवतात तो बँड निघाला १९७० मध्ये! पहिल्याच अल्बममध्ये वार्गाने अठराव्या शतकातल्या हायडन या संगीतकाराचा डी मेजर कॉन्चेर्टो हातात घेतला आणि त्याच्याशी अशी झटापट केली की हायडनही दचकला असता. आणि हे कुठे, कधी? ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले त्या चेकोस्लोव्हाकियात, सगळ्यावर पुन्हा झाकण बसवलं जात असताना. लंडनमध्ये बसून बंडखोरी करणं सोपं हो.

पण मला खरा राग येतो तो मोजपट्टीचा. जगात कुणीही काहीही केलं तरी आधी इंग्रजी नाव शोधायचं आणि त्याच्या शेजारी उभं करून उंची मोजायची. आपल्याकडच्या माणसाला कुणी असं मोजलं की आपणच चवताळतो ना?

त्या रविवारी दुसरी बाजू लागली. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘शेहेराझाद’वरची ती. घरमालकांची बोटं जेवणाच्या टेबलावर ऑर्गनबरोबर चालत होती. एकही सूर चुकत नव्हता, म्हणजे निदान बोटांचा आविर्भाव तरी तसा होता.

आणि वार्गा म्हणजे नुसता आडदांड ऑर्गन नव्हे. गायक पावोल हामेलबरोबरची १९७२ ची ‘झेलेना पोश्टा’ ही रेकॉर्ड ऐका. शब्द कामिल पेतेरायचे. भाषा कळत नसतानाही मी ती ट्राममध्ये कानाला लावून फिरलोय. इतक्या हळव्या चाली त्याच माणसाच्या, हे पटायला वेळ लागतो. (हो, ‘कोन्वेर्गेन्त्सिए’मधली ‘एउफोनिया’ ही रचना मलाही पहिल्यांदा झेपली नव्हती. काही ठिकाणी अतीच होतं. बरं.)

पुढे तर हा गडी एकटा मंचावर बसून काहीही न ठरवता वाजवू लागला. आपल्या गवयाला निदान रागाचा आधार असतो, ठेक्याची संगत असते. याच्याकडे तेवढंही नाही! ही कुणाची कॉपी म्हणायची, मित्रा?

१९४७ मध्ये स्कालित्सात जन्मलेला हा माणूस ९ ऑगस्ट २०१७ ला ब्रातिस्लाव्हात गेला. इमर्सन त्याच्या आदल्या वर्षी गेला होता. तेव्हा इथल्या सगळ्या रॉकप्रेमींनी भिंती काळ्या केल्या होत्या. वार्गाच्या वेळी माझी एकट्याची पोस्ट, सहा लाइक, त्यातले दोन नातेवाइकांचे.

असो. फार चिडून लिहिलं का? मित्र चांगला आहे, त्यानेच मला पिंक फ्लॉइड ऐकवलं होतं कॉलेजात, ते उपकार आहेतच. पण त्या घरमालकांसमोर त्याने ही कमेंट केली असती, तर तर्जनी नाही, दार दाखवलं असतं.

लिंक पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय. अख्खी बाजू ऐकून झाल्याशिवाय कुणी खाली काही लिहिलं तर डिलीट करणार, आधीच सांगतो.