पैसे घेतले म्हणून केस मिटत नाही

"सरकारनं लाखभर रुपये दिले ना, मग आता आणखी काय पाहिजे तिला?" बलात्काराच्या एखाद्या प्रकरणाची चर्चा निघाली की हे वाक्य कुणीतरी बोलतंच. परवा गोव्यात डिचोलीच्या बसमध्ये पुन्हा ऐकलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

ही भरपाई आरोपीच्या खिशातून येत नाही आणि ती तडजोडही नव्हे. तिला सुरक्षित ठेवणं हे राज्याचं काम होतं, ते झालं नाही, म्हणून राज्य तिचं देणं लागतं. या भरपाईसाठी आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७अ कलम होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३९६ आहे. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडितेला अर्ज करता येतो.

पण हे तिला सांगतं कोण? ओळखीतल्या एका मुलीच्या आईसोबत मी एका कार्यालयात गेले होते. (गाव सांगणार नाही. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, हे आपल्याकडे अजून किती जणांना पटवावं लागतं!) प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, एफआयआरची घडी पडून विरलेली प्रत, पासबुक. खिडकीपाशी नंबर यायच्या आधी तिनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "बाये, हे पैशे घेतले तर केस मागे घ्यावी लागतली काय?" पोलीस ठाणं झालं होतं, बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) तपासणी झाली होती, जबाब झाला होता. एवढ्या सगळ्यांत एकानेही तिला हे समजावलं नव्हतं. 'पैशांसाठी केस केली' असं वाड्यावर बोललं जाईल, ही भीती वेगळीच.

मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा म्हणजे विधी सेवा प्राधिकरण. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ ची भरपाई योजना सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू करायला सांगितली. त्यात बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख रुपये आहेत. माझ्या मते त्यातली सगळ्यात मोलाची तरतूद मात्र दुसरीच आहे: एफआयआर नोंदवताच पोलिसांनी तिची प्रत विधी सेवा प्राधिकरणाला पाठवायची, म्हणजे गरज असेल तिथे जिल्हा प्राधिकरण आपणहून अंतरिम मदतीची, म्हणजे अंतिम भरपाईआधीच्या तातडीच्या मदतीची, पडताळणी सुरू करू शकतं. म्हणजे त्या आईनं पिशवी घेऊन खिडकीपाशी उभं राहायची गरजच पडायला नको होती.

आणि पैसा लागतो तो पहिल्या महिन्यात. काजूच्या कारखान्यातली रोजंदारी बुडते, घरमालक खोली सोडा म्हणतो, मुलीची शाळा बदलावी लागते. भरपाईचा ७५ टक्के भाग किमान तीन वर्षं मुदत ठेवीत जातो. नातेवाइकांनी पैसे हडप करू नयेत म्हणून हे ठीकच आहे, पण मग अंतरिम मदत तरी वेळेवर यायला हवी. खटल्याच्या निकालापर्यंत थांबलेली मदत त्या खोलीचं भाडं भरत नाही.

उपचारांसाठीही तिच्याकडे पैसे मागता येत नाहीत. सरकारी असो वा खासगी, इस्पितळाने पीडितेवर मोफत उपचार करायचेच. टाळले तर तो गुन्हा आहे.

माझी मागणी साधी आहे. पेडण्यापासून काणकोणापर्यंत प्रत्येक पोलीस ठाण्यात एफआयआरची प्रत हातात देताना तिला तोंडी, तिच्या भाषेत सांगा: भरपाई हा तुझा हक्क आहे, घेतल्यानं केस मागे जात नाही, वकील मोफत मिळेल. आणि तुमच्या ओळखीत कुणी अशा फेऱ्यांत अडकलं असेल, तर विधी सेवेचा १५१०० हा नंबर तिला द्या आणि पहिला फोन तिच्या शेजारी बसून लावून द्या.