मोज्यांचा फॉरवर्ड आणि खरे वूडन

हा फॉरवर्ड तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून माझ्याकडे आला तेव्हा मी वाचून सोडून दिला. चौथ्यांदा तो दादाने घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'चिऊने रोज सकाळी वाचावा.' चिऊ माझी भाची, वय तेरा, शाळेच्या टीममध्ये बास्केटबॉल खेळते. तिच्या सरांनीही तोच स्टेटसला ठेवलाय म्हणे. मग मात्र गप्प बसवेना.

ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी सारांश. जॉन वूडन नावाचा अमेरिकेतला एक साधा मास्तर. स्वतः कधी मोठा खेळाडू नव्हता. कॉलेजचा कोच झाला आणि पंधरा वर्षं नुसता हरत राहिला, पण मागे हटला नाही. मोठमोठ्या खेळाडूंचा माज उतरवायला पहिल्या दिवशी त्यांना बालवाडीतल्या पोरांसारखे मोजे घालायला लावायचा. आयुष्यात कुणाचं कौतुक केलं नाही, कारण कौतुकाने पोरं बिघडतात. आणि मग बारा वर्षांत दहा राष्ट्रीय अजिंक्यपदं! शेवटी हात जोडलेले, आणि 'कडक गुरूच हिरे घडवतो'.

दहा अजिंक्यपदं खरी आहेत. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला वूडन यांनी १९६४ ते १९७५ या काळात ती मिळवून दिली, त्यातली सात ओळीने. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सलग ८८ सामने जिंकण्याचा विक्रमही त्यांच्याच टीमचा. एवढं सोडलं तर त्या मजकुरात धड असं फारसं काही नाही.

'मोठा खेळाडू नव्हता' हे तर ज्याने लिहिलं त्याने गूगलसुद्धा केलेलं नाही. पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळताना वूडन तीनदा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक, ठरले होते. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोरांच्या मानाच्या यादीत, खेळाडू म्हणून १९६० साली आणि कोच म्हणून १९७३ साली, असे दोनदा गेलेले ते पहिले. पुढे चला.

पंधरा वर्षं हरले? वूडन १९४८ मध्ये यूसीएलएला आले. आदल्या वर्षी त्या टीमने १२ सामने जिंकले होते आणि १३ हरले होते. वूडन यांच्या पहिल्याच वर्षी २२ जिंकले, ७ हरले. पुढच्या सव्वीस वर्षांत एकाही हंगामात पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नाहीत. तसा हंगाम त्यांच्या वाट्याला एकदाच आला, तोही अगदी सुरुवातीला, केंटकीतल्या डेटन गावच्या शाळेत, जिथे ते इंग्रजी शिकवायचे. हां, पहिलं राष्ट्रीय विजेतेपद सोळाव्या हंगामात मिळालं, हे कबूल. पण विजेतेपद न मिळणं म्हणजे हरत बसणं नव्हे. ती वर्षं ज्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोंदट जिममध्ये गेली तिथे शेजारी कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सवाल्यांचाही सराव चालायचा आणि वूडन स्वतः फरशी झाडायला उभे राहायचे. १९६४ च्या यशात टीमने पूर्ण मैदानभर लावलेल्या झोन प्रेसचा (समोरच्या टीमला चेंडू पुढे आणतानाच अडवायचा डाव) मोठा हात होता, आणि त्यासाठी मागे लागले होते त्यांचे सहायक जेरी नॉर्मन. साहेबांनी सहायकाचं ऐकलं. ही गोष्ट फॉरवर्डमध्ये कशी येणार? तिथे गुरू एकटाच लागतो.

आता मोजे. पहिल्या सरावाला वूडन खरोखरच मोजे घालायला शिकवायचे. पुढे एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग गाजवलेल्या बिल वॉल्टन यांच्यासारख्यांनाही त्यातून सुटका नव्हती. पण त्याचा माजाशी काय संबंध? मोज्याला टाचेपाशी किंवा करंगळीपाशी चुणी राहिली की पाय घासतो, घासला की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. म्हणून मोजा ताणून वर घ्यायचा, हात फिरवून चुण्या काढायच्या, बूट चढवतानाही तो वर धरून ठेवायचा, नाडी एकेका भोकापासून आवळत आणायची आणि दुहेरी गाठ मारायची. बस. फोडावरच्या उपायाचं यांनी अपमानाचं शास्त्र करून टाकलं.

आणि मला सगळ्यात जास्त चीड आली ती कौतुकाच्या मुद्द्याची, कारण दादाला नेमका तोच आवडलाय. इथे अंदाजाने बोलायची गरजच नाही. १९७४-७५ च्या हंगामात, म्हणजे वूडन यांच्या शेवटच्या वर्षी, रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलँड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या पंधरा सरावांना वही घेऊन बसले. कोच काय बोलतो, काय करून दाखवतो, प्रत्येक गोष्टीची नोंद. एकूण २,३२६ नोंदी झाल्या आणि १९७६ मध्ये 'सायकॉलॉजी टुडे'त त्या छापून आल्या.

कौतुक ६.९ टक्के. म्हणजे दादा, तुझं अर्धं बरोबर आहे, वूडन ऊठसूट शाबासकी देत नव्हते. आता पुढचा आकडा वाच. नुसतं रागावणं ६.६ टक्के. कौतुकाहूनही कमी! मग माणूस दोन तास करत काय होता? निम्म्याहून अधिक नोंदी साध्या सूचनांच्या आहेत. काय करायचं, कसं करायचं, कधी करायचं. आणखी ८ टक्के वेळा ते टोकायचे, पण टोकून सोडून द्यायचे नाहीत, लगेच पुन्हा शिकवायचे. योग्य कसं ते करून दाखवायचं, मग 'तू असं केलंस' त्याची नक्कल, मग पुन्हा योग्य. हे सगळं जेमतेम तीन सेकंदांत. त्या दोन तासांच्या सरावासाठी सकाळी सहायकांबरोबर दोन तास बसून मिनिटामिनिटाचा आराखडा ठरायचा आणि छोट्या कार्डांवर उतरायचा.

याला कडकपणा म्हणायचं तर म्हणा. पण 'काय खेळतेस, घरी बस' हे त्यात कुठेच येत नाही. त्या वाक्यातून चिऊला पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही. ओरडणाऱ्याचं मन मोकळं होतं, एवढंच.

मी वूडनभक्त आहे असं नाही. ते शिवी देत नसत हे खरं, पण गुंडाळलेलं कार्यक्रमपत्रक हातात धरून पंचांना टोमणे मारायचे. खेळाडूंना पैसे आणि भेटी पुरवणारा सॅम गिल्बर्ट नावाचा धनिक त्यांच्याच काळात टीमभोवती वावरत होता, आणि वूडन यांनी तिकडे हवं तेवढं लक्ष दिलं नाही, हा आक्षेप मला पटतो. उलट पुढे पाठवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. १९४७ मध्ये ते इंडियाना स्टेट या कॉलेजचे कोच असताना एका राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं. तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती आणि टीममध्ये क्लॅरेन्स वॉकर होता. वूडन यांनी आमंत्रण नाकारलं. दुसऱ्या वर्षी नियम बदलला आणि वॉकर खेळला. ही गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दादाचा अंगठा आला, बाकी शांतता. रात्री चिऊचा व्हिडिओ कॉल. 'आत्या, ते चुण्यांचं परत सांग ना.' फोन खाली नेऊन तिने टाच दाखवली. फोड चांगला रुपयाएवढा. आठ दिवस झालेत म्हणाली, सरांना सांगितलं नाही, ते म्हणतात नाटकं करता.