एका लंगड्या गाईपायी

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरुज आणि महादरवाजा उभा राहतो. अमेरिकेत वायोमिंगमधल्या फोर्ट लॅरमीला पोचल्यावर मीही तेच शोधत होतो. पण तिथे आहे नदीकाठचं मोकळं माळरान, मधोमध कवायतीचं मैदान आणि भोवती बराकी, अधिकाऱ्यांची घरं. लष्कराच्या काळात या ठाण्याला पुरती तटबंदी कधी झालीच नाही.

मुळात हे १८३४ सालचं कातड्यांच्या व्यापाराचं ठिकाण. १८४९ मध्ये लष्कराने ते ४ हजार डॉलरला विकत घेतलं, पश्चिमेला ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियात वस्ती करायला निघालेल्या लोकांच्या बैलगाड्यांच्या रक्षणासाठी. १८५० या एका वर्षात सुमारे ५० हजार माणसं इथून गेली. जवळच गर्न्सीला त्या गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत. वालुकाश्म कापत गेलेल्या, काही ठिकाणी पाच फूट खोल. मी आत उतरून दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ तिथून हलावंसंच वाटलं नाही.

या प्रवाशांचा खरा घास घेतला कॉलऱ्याने. १८४० ते १८६० या वीस वर्षांत मूळनिवासींच्या हातून साडेतीनशेच्या वर प्रवासी मेले, असं इतिहासकारांची मोजदाद सांगते. प्रवाशांच्या हातून मेलेले मूळनिवासी चारशेच्या वर! माझ्या मते ठाण्याचा खरा आधार होता तो लोहाराचा भाता, पीठमीठ आणि घरी धाडायच्या पत्रांचा. बंदुकांनी काय केलं, ते १८५४ च्या ऑगस्टमध्ये दिसलं.

तीन वर्षांपूर्वी सरकारशी झालेल्या तहाप्रमाणे मिळायच्या सामानाची वाट बघत लकोटा या मूळनिवासी जमातीचे लोक ठाण्याच्या पूर्वेला काही मैलांवर तळ देऊन होते. मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या एका प्रवाशाची लंगडी गाय तळात शिरली आणि पाहुणा आलेल्या एकाने ती मारली. त्यांचा प्रमुख काँकरिंग बेअर आपणहून ठाण्यात आला, बदल्यात जनावर देऊ म्हणाला. मालक २५ डॉलरवर अडून बसला. खरं तर असली तक्रार तहानुसार सरकारी एजंटने सोडवायची, आणि तो यायचाच होता. पण वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला लेफ्टनंट ग्रॅटन २९ शिपाई, दोन तोफा आणि दारू प्यायलेला दुभाषा घेऊन तळावर गेला. गोळीबारात काँकरिंग बेअरला जीवघेण्या जखमा झाल्या. मग लकोटा तुटून पडले आणि ग्रॅटनच्या तुकडीतलं कुणीही वाचलं नाही.

पुढच्या वर्षी जनरल हार्नीने ब्लू वॉटर ओढ्याकाठच्या लकोटा वस्तीवर सूड उगवला. ८६ लकोटा मारले, बायकामुलं कैद केली. दोन दिवस कुणी थांबलं असतं, एजंटला येऊ दिलं असतं, तर? हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. वाट राखायला बसवलेल्या ठाण्यानेच वाटेवर वैर पेरलं, असं मी म्हणतो. कुणाला पटत नसेल तर जरूर लिहा, मला बोलायचं आहे.

फोर्ट लॅरमीला जाणार असाल तर लिंगल गावाच्या बाजूला रस्त्याकडेला ग्रॅटन प्रकरणाची एक स्मारकशिला आहे, तिथे थांबा. येताना आम्ही तिच्यासमोरून न थांबता पुढे आलो होतो. परतताना मात्र गाडी बाजूला घेतली. समोर नुसतं गवत होतं.