निकियात बायबलवर मतदान झालंच नव्हतं

मिरजेत आमच्या गुरुवारच्या बायबल अभ्यासाला सात-आठ जण असतात. परवा भडंगाची ताटली फिरायच्या आत एकाने मोबाइल पुढे केला. मेसेज असा: ‘३२५ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने निकियाच्या परिषदेत मतदान घेऊन ८० शुभवर्तमानांतली चार ठेवली. स्त्रियांना मान देणारी बाकीची जाळली.’

शुभवर्तमानं म्हणजे येशूचं जीवन आणि शिकवण सांगणारी पुस्तकं; आजची चार बायबलच्या दुसऱ्या भागात, नव्या करारात, आहेत. आधी मतदानाचं बघू. निकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात भरलेल्या बिशपांच्या त्या सभेत, वाद पेटला तो आरियस या धर्मगुरूच्या शिकवणीवरून: पुत्र (येशू) पित्याच्या (देवाच्या) बरोबरीचा, की पित्याने निर्माण केलेला? ईस्टर कधी पाळायचा हाही प्रश्न होता. परिषदेचे २० नियम आज वाचायला मिळतात. बायबलमध्ये कुठलं पुस्तक घ्यायचं, कुठलं गाळायचं, यावर त्यांत अवाक्षर नाही. ही गोष्ट दिसते ती पाचशेहून जास्त वर्षांनंतरच्या एका ग्रीक ग्रंथात: पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, खरी वर राहिली, खोटी खाली गेली. म्हणजे तिथेही चमत्कारच, मतदान नाही.

चारच का? इ.स. १८० च्या सुमारास आयरेनियस या बिशपने शुभवर्तमानं चारच, असं ठासून लिहिलंय. कॉन्स्टंटाईनच्या जन्माला तेव्हा जवळपास ९० वर्षं अवकाश होता. इतर शुभवर्तमानं होती, पण ८० नावांची यादी कुणी आणली तर चहा माझ्याकडून.

जाळायचा हुकूम कॉन्स्टंटाईनने दिला होता हे खरं, पण तो आरियसच्या लिखाणाबद्दल.

राहिला स्त्रियांचा मान. थोमाच्या नावावरचं शुभवर्तमान १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलं. त्याच्या शेवटच्या वचनात येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, मरीयेने आपल्यातून निघून जावं, स्त्रिया जीवनाला लायक नाहीत. येशूचं उत्तर: मी तिला पुरुष करीन. हे मोठ्याने वाचल्यावर आमच्या मावशी म्हणाल्या, “असला मान नको गं बाई.” उलट आपल्या चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी आधी पोचतात त्या बायकाच.

एवढ्यावर काका खूश झाले. “म्हणजे नव्या कराराची २७ पुस्तकं येशूच्या प्रेषितांच्या काळापासून ठरलेलीच!” तेही नाही, काका. निकियाला स्वतः हजर असलेला बिशप युसेबियस हा याकोब, यहूदा, २ पेत्र, २ आणि ३ योहान ही पत्रं वादग्रस्त म्हणून नोंदवतो. नव्या कराराची नेमकी आजचीच २७ पुस्तकं सांगणारी सर्वांत जुनी उपलब्ध यादी बिशप अथनासियसच्या ३६७ सालच्या पत्रात आहे.

काका जरा नाराज झाले. पण पुढच्या गुरुवारी यहूदाचं पत्र घ्यायचं त्यांनीच सुचवलं. त्यात हनोख या बायबलमधल्या पूर्वजाच्या नावाने दिलेलं वचन आपल्या बायबलबाहेरच्या पुस्तकात सापडतं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.