द्राक्षं आंबट नाहीत, गाडी जड आहे

नाशिकच्या गाडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: "हलक्या, स्वस्त स्पोर्ट्स कारचं हँडलिंग सुपरकारपेक्षा भारी असतं ही ज्यांना लॅम्बोर्गिनी परवडत नाही त्यांनी उठवलेली आवई आहे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. सुपरकारची वळणातली पकड जास्त, टायर रुंद, वजन दणकट म्हणून ती रस्ता धरून चालते. माझदा मियाटा वळणात कलंडते. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवरचे विक्रम बघा. विषय संपला."

द्राक्षांची म्हण नाशिककरांना ऐकवायला हिंमत लागते, ती दाद दिलीच पाहिजे. पण विषय संपलेला नाही.

आधी गाड्यांची ओळख. मियाटा म्हणजे माझदा एमएक्स-५. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दिसली. दोन सीट, कापडी छत, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. आजची गाडी हजार-अकराशे किलोंच्या मध्ये भरते आणि तिचं दोन लिटरचं इंजिन १८० हॉर्सपॉवरच्या आसपास देतं. याच पंगतीत १९९६ ची पहिली लोटस एलिस बसते, साधारण सव्वासातशे किलोंची. समोरच्या बाजूला लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोर: ७०० हॉर्सपॉवर, आणि तेल-पाणी न भरता वजन १,५७५ किलो. आता "स्वस्त" हा हिशेब अमेरिका-जपानचा, हेही सांगून टाकतो. माझदा भारतात गाड्या विकतच नाही आणि कोणी बाहेरून आणायची म्हटली तर आयात कर भरून ती कुठल्याच अर्थाने स्वस्त राहत नाही. त्यामुळे गंगापूर रोडवर मियाटा दिसत नाही म्हणून ती भिकार, हा युक्तिवाद कृपया कोणी करू नये.

आता मुद्दे. "पकड जास्त म्हणून हँडलिंग चांगलं" हा पहिला. पकड जास्त असते हे शंभर टक्के मान्य. प्रश्न असा, की त्या जास्तीच्या पकडीचं तुम्ही करणार काय? पेठ रोडवरच्या सावळघाटातलं एखादं वळण घ्या, त्रिज्या ३० मीटर धरू. चांगल्या कोरड्या डांबरावर मियाटा साधारण ०.९ जी (म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ०.९ पट) इतका आडवा जोर पेलते, तगडी सुपरकार १.१ जी. गणित केलं तर मियाटाची मर्यादा ताशी ५९ किलोमीटरला येते आणि सुपरकारची ६५ ला. कोट्यवधी रुपये मोजून ताशी सहा किलोमीटर. तेही समोरून एसटी येत नाही, कडेला खडी नाही आणि तुम्ही अगदी काठावर चालवताय असं धरून. (असं घाटात करू नये. गणितासाठी घाट वापरतोय.)

हँडलिंग म्हणजे काठावरचा तो आकडा नव्हे. काठाकडे जाताना गाडी तुम्हाला काय कळवते आणि तुम्ही दिलेल्या हुकमाला कशी वागते, ते हँडलिंग. हे बघायला मियाटाही लागत नाही, साधी स्विफ्ट पुरते, तीही सव्वानऊशे किलोंच्या घरातलीच. रिकाम्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरा. स्टिअरिंग हाताला हळूहळू जड लागतं, मग पुढचा बाहेरचा टायर कुरकुरायला लागतो आणि गाडी ठरवलेल्या रेषेच्या किंचित बाहेर सरकते. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचला, की भार पुढे येतो आणि नाक परत आत वळतं. हे सगळं पन्नाशीच्या आसपास, आणि प्रत्येक पायरी वेगळी कळते. मियाटात याच्या जोडीला मागची चाकंही बोलतात, कारण ताकद त्यांना जाते आणि वजन पुढे-मागे जवळजवळ समान वाटलेलं असतं. त्याच वळणात त्याच वेगाने सुपरकार नेली तर काहीच घडत नाही. टायर कुरकुरत नाही, नाक सरकत नाही, चालकाला करायला काम उरत नाही. काम सुरू होतं ते अशा वेगाला, जिथे चुकलात तर कठडा तोडून खाली.

"टायर रुंद म्हणून पकड जास्त." अर्धं खरं. अव्हेंटाडोरचे मागचे टायर ३३५ मिलिमीटरचे, मियाटाचे २०५ चे. पण ते रुंद आहेत कारण गाडी जड आहे आणि ७०० हॉर्सपॉवर जमिनीला द्यायची आहे. एवढा खर्च आधी स्वतःचंच ओझं सांभाळण्यात जातो, उरलेली पकड ती नफ्याची. पावसाळ्यात या रुंद टायरला पाणीही जास्त बाजूला सारावं लागतं, आणि ट्रॅकसाठी बनवलेला टायर असेल तर थंड ओल्या रस्त्यावर तो मुळीच खुश नसतो. जुलैत इगतपुरीकडे जाऊन आलेल्याला याहून जास्त सांगायला नको.

आता खरा मुद्दा, जो नुसत्या या मेसेजमध्ये नाही, आपल्याकडे घरोघरी आहे: "जड गाडी रस्ता धरून बसते, हलकी उडते." गाडी घेताना दार आपटून आवाज ऐकणाऱ्या प्रत्येक काकांचा हा सिद्धांत. जड गाडीचा टायर रस्त्यावर जास्त दाबला जातो आणि म्हणून तिला जास्त घर्षण मिळतं, इथपर्यंत काका बरोबर आहेत. पण तीच जड गाडी वळवायला लागणारा जोरही त्याच प्रमाणात जास्त लागतो. शाळेतल्या गणितात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटून जातं आणि हिशेब बरोबरीत सुटतो.

रबर मात्र शाळेतल्या गणिताने वागत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, कमी भरते. म्हणजे वजन वाढवत गेलात तर दर किलोमागे मिळणारी पकड घटत जाते. वळणात त्यावर आणखी एक गोष्ट घडते: भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. आतल्या टायरने गमावलेली पकड बाहेरचा टायर पूर्ण भरून काढत नाही, आणि सरकणारा भार जितका मोठा तितकी ही तूट मोठी. सुपरकार बुटकी आणि रुंद बनवतात, इंजिन मध्ये खाली बसवतात, ते याचसाठी. तिथल्या इंजिनिअरांना वजन हा गुण वाटत असता तर त्यांनी कार्बन फायबरवर पैसा उधळला नसता.

शिवाय एका वळणाने घाट संपत नाही. डावं संपायच्या आत उजवं येतं. तिथे गाडीला एका बाजूचं वळणं थांबवून दुसऱ्या बाजूला वळवायचं असतं, आणि हजार किलोंना ते जितक्या चटकन जमतं तितक्या चटकन सोळाशेंना जमवायचं तर टायर, स्प्रिंगा, डँपर (शॉकॲब्सॉर्बर), सगळंच मोठं लागतं. उतारावर ब्रेक मारताना त्याच वेगाला दीडपट वजन म्हणजे दीडपट ऊर्जा जिरवायची. सुपरकारचे कार्बन-सिरॅमिक ब्रेक ती जिरवतात, त्यात शंका नाही. पण ती आधी निर्माण झाली कशामुळे?

मग समृद्धीवर १२० ला जड गाडी स्थिर का वाटते? लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), सस्पेन्शनचं सेटिंग, चांगले टायर आणि बॉडीखालून-वरून जाणारी हवा यांमुळे. मोठ्या गाड्यांना हे सगळं बहुधा मिळतं आणि श्रेय वजन घेऊन जातं.

"मियाटा कलंडते." ती झुकते, कलंडत नाही. स्प्रिंगा मऊ ठेवल्यात म्हणून झुकते, आणि मऊ ठेवल्यात त्या टायर जमिनीला लागून राहावा म्हणून. खड्डा, पॅच, मग पुन्हा पॅच अशा रस्त्यावर कडक सस्पेन्शनची गाडी टुणटुण उडते आणि हवेतल्या टायरला पकड शून्य असते. १९८९ च्या मियाटालाही चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक दोन आडव्या भुजांनी धरणारं) सस्पेन्शन होतं, जे त्या किमतीत मिळणं दुर्मीळ. झुकण्यामुळे चालकाला भार कुठे चाललाय हे कळतं, हा वरचा फायदा. आपल्याकडे सुपरकार स्पीडब्रेकरवरून तिरकी काढताना मालकाचा चेहरा पाहिलाय कधी? घाटाचा विषय त्याच्यापुरता तिथेच मिटलेला असतो.

मेसेजमध्ये रुंदीचा उल्लेखच नाही. अव्हेंटाडोर आरसे सोडून २,०३० मिलिमीटर रुंद, मियाटा १,७३५. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये हा एक फुटाचा फरक म्हणजे वळणाची रेषा निवडायला मिळणारी जागा. अरुंद गाडी लेनच्या आतल्या आत वळण थोडं सरळ करून घेते. रुंद गाडीला ती मुभा कमी, आणि तोरंगणच्या बाजूचे घाटरस्ते तर लेनचेही लाड करत नाहीत.

नुर्बुर्गरिंग. अव्हेंटाडोरच्या एसव्हीजे या आवृत्तीने २०१८ साली तिथे ६ मिनिटं ४४.९७ सेकंदांची फेरी मारली. मियाटा तिच्या जवळपासही फिरकणार नाही, आणि "घाटात मियाटा लॅम्बोला धूळ चारते" म्हणणारे आमच्या बाजूचे वीरही गप्पाच मारतात. वळण संपून सरळ रस्ता आला की खेळ खलास. पण त्या विक्रमात ताकदीचा आणि हवेच्या दाबाचा वाटा केवढा! डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २४० ला जेवढा मिळतो त्याच्या एक षोडशांश ६० ला मिळतो. म्हणजे घाटात ते पंख शोभेचे.

"इलेक्ट्रॉनिक्समुळे सुपरकार कोणीही चालवू शकतो" असंही खाली कोणीतरी जोडलंय. बरोबर आहे. आमची तक्रार तीच आहे.

राहिला कोल्हा. मॅकलारेन एफ१ या गाजलेल्या सुपरकारचा जनक गॉर्डन मरे. त्याला सुपरकार परवडत नाही असं म्हणणं कठीण, तो त्या बनवतो. त्याची अलीकडची सुपरकार टी.५०, किंमत करांशिवाय साडेतेवीस लाख पौंडांहून जास्त, वजन मात्र मियाटाच्या घरातलं, हजार किलोंच्या आत. आणि स्वतःच्या रोजच्या वापरासाठी त्याने घेतली ती अल्पाइन ए११०: चार सिलिंडर, अडीचशे हॉर्सपॉवर, अकराशे किलोंच्या आसपास. टी.५० चं हँडलिंग बसवताना मापदंड म्हणून समोर ठेवली तीही हीच गाडी.