‘पावडर कुठलीही चालते, फक्त कमी घाला’: हलक्या काडतुसांबद्दलच्या एका सल्ल्याला उत्तर

हँडलोडिंगला, म्हणजे काडतुसे स्वतः हाताने भरायला, नव्याने लागलेल्या लोकांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा मजकूर साधारण असा: ‘रिव्हॉल्व्हर आणि लिव्हर-ॲक्शन (खालचा दांडा ओढून काडतूस चढवायची) रायफल दोन्हींसाठी हलकी, धक्का कमी देणारी काडतुसे हवी असतील तर वेगळी पावडर (काडतुसातली दारू) घेऊ नका. मॅग्नमसाठी, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसांसाठी, आणलेली पावडर आहे ना, तीच निम्मी घाला. कमी पावडर म्हणजे कमी दाब, कमी दाब म्हणजे जास्त सुरक्षित. शिवाय संथ जळणारी पावडर मुळातच सौम्य. जळण्याच्या वेगाच्या तक्त्यात शेजारी-शेजारी असलेल्या पावडरी एकमेकींच्या जागी चालतात. आणि रिव्हॉल्व्हरमध्ये जे काडतूस नीट उडाले ते रायफलमध्येही उडणारच.’

ऐकायला सगळे सरळ वाटते, म्हणूनच ते पसरते. पण यावर विसंबून कुणी नळी फोडून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘मॅग्नमची पावडर निम्मी घाला.’ यातला सर्वांत धोकादायक मुद्दा हाच. मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी लोक ज्या पावडरी घेतात त्यांत एच११० आणि विंचेस्टर २९६ ही नावे सर्वांत वर. खरे तर ही एकच पावडर आहे, दोन डब्यांत विकली जाणारी. बारीक गोल दाण्यांची, आणि पेटायला कठीण. धूरविरहित दारूचे जळणे दाबावर अवलंबून असते. दाब वाढला की ती भराभर जळते, भराभर जळली की दाब आणखी वाढतो. हे चक्र सुरूच झाले नाही तर तीच पावडर कशीबशी धुमसते. एच११०ला ते चक्र सुरू करायला जवळजवळ भरलेली पुंगळी (काडतुसाची धातूची नळकांडी), जड गोळी, घट्ट क्रिंप (पुंगळीचे तोंड गोळीभोवती आवळणे) आणि जोरकस प्रायमर (तळाशी ठिणगी देणारी टिकली) लागतो. म्हणूनच हॉजडन कंपनीने या पावडरीच्या छापील मात्रेतून ३ टक्क्यांपेक्षा जास्त कपात करू नये असे बजावलेले आहे. तीन टक्के, पन्नास नव्हे.

निम्मी घातली तर काय होते? कधी गोळी जाते, पण दर वेळी वेगळ्या वेगाने, आणि मागे न जळलेले पिवळसर दाणे सिलिंडरभर पसरतात. कधी प्रायमरच्या जोरावरच गोळी पुंगळीतून सुटते, नळीत शिरते आणि तिथेच अडकते. आवाज होतो तो नुसता ‘फट्’ असा. कानावर संरक्षक असतील, शेजारी दुसरे नेमबाज असतील, तर तो जाणवतही नाही. प्रायमर नादुरुस्त निघाला असे समजून माणूस लिव्हर ओढतो, पुढचे काडतूस चढते, आणि ती गोळी अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते. नळी फुगते किंवा फाटते. म्हणजे इथे पावडर कमी असणे हेच अपघाताचे कारण. आवाज किंवा धक्का जरा जरी वेगळा वाटला तर थांबावे, शस्त्र पूर्ण रिकामे करावे आणि नळी आरपार मोकळी आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढचे काडतूस चढवू नये.

२४०० ही पावडर या बाबतीत पुष्कळ सोशीक आहे. एच११०पेक्षा जास्त कपात ती सहन करते आणि जुने नेमबाज तिच्यावर प्रेम करतात ते उगीच नाही. तरी खऱ्या हलक्या काडतुसात तिचेही दाणे नळीत न जळता उरतात. ती मधल्या ताकदीसाठी ठेवावी.

कपातीची मुभा असलेल्या पावडरी नाहीत असे नाही. रायफलीच्या एच४८९५ या पावडरीसाठी हॉजडननेच कमाल मात्रेच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरायला परवानगी दिली आहे. .३०-३० काडतुसाची लिव्हर-ॲक्शन असणाऱ्यांना हलक्या काडतुसांसाठी ती फार उपयोगी. पण ती मुभा त्या एका पावडरीची आहे, बनवणाऱ्याने तपासून दिलेली. शेजारच्या डब्याला ती आपोआप लागू होत नाही.

‘संथ पावडर सौम्य असते.’ इथे संथ म्हणजे वायू किती वेळ तयार होत राहतो एवढेच. खांद्याला आणि मनगटाला काय जाणवेल ते त्यावरून ठरत नाही, आणि हलक्या काडतुसात तर हिशेब उलटाच पडतो. धक्का गोळीच्या वजनावर आणि वेगावर अवलंबून असतो, तसा पावडरीच्या वजनावरही असतो, कारण तिचा वायूही नळीतून पुढेच फेकला जातो. .४४ मॅग्नमच्या पूर्ण ताकदीच्या काडतुसात संथ पावडर वीस ग्रेनच्या वर जाते. जलद पावडरीने हलके काडतूस भरले तर साधारण तिसऱ्या हिश्शात काम होते. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, तेव्हा आकडे छोटे दिसतात, पण फरक हाताला कळतो.

हलक्या कामाला जलद ते मध्यम-जलद पावडर लागते, कारण कमी दाबातही ती पूर्ण पेटते. बुल्सआय, टाइटग्रुप, एचपी-३८ (विंचेस्टर २३१ म्हणजे हीच), युनिक, ट्रेल बॉस ही त्यांतली ओळखीची नावे.

मात्र जलद पावडरीचा स्वतःचा एक धोका आहे आणि तो सांगितल्याशिवाय ही शिफारस अर्धवट राहील. .४५ कोल्ट १८७३चे. त्याची लांबलचक पुंगळी काळ्या दारूसाठी आखलेली होती, तिच्यात चाळीस ग्रेनपर्यंत काळी दारू मावे. .३८ स्पेशल एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीचे, तेही सुरुवातीला काळ्या दारूचेच. आज त्याच .३८मध्ये निशाणेबाजीच्या काडतुसाला बुल्सआय तीन ग्रेनपेक्षाही कमी लागते. तळ जेमतेम झाकला जातो. चुकून दोनदा पावडर पडली तरी पुंगळी भरत नाही, गोळी वर नीट बसते, आणि बाहेरून काडतूस अगदी निर्दोष दिसते. .४५ कोल्टमध्ये तर तिप्पटही मावेल. हलके काडतूस भरता भरता रिव्हॉल्व्हर फोडणारे काडतूस तयार होते ते असे.

म्हणून हलक्या काडतुसाची पावडर निवडताना ती किती जागा व्यापते हे मी सर्वांत आधी पाहतो. ट्रेल बॉस नेमकी यासाठीच बनवली गेली: मधोमध भोक असलेल्या छोट्या चकत्या, वजनाला हलक्या, जागेला भरपूर. ती दोनदा पडली तर बहुतेक पुंगळ्यांतून सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. तिची अट एकच, गोळी बसवताना ती दाबली जाता कामा नये. चकत्या चुरडल्या की तिचे जळणे बदलते. दुर्दैवाने गेली काही वर्षे ती मिळणे फार कठीण झाले आहे. युनिक तेवढी फुगीर नाही, तरी बुल्सआयपेक्षा पुंगळीत चांगली दिसते.

पावडर फुगीर असली म्हणून तपासणी टळत नाही. पन्नास पुंगळ्या फळीत उभ्या कराव्यात आणि गोळी बसवण्याआधी दिव्याच्या उजेडात प्रत्येकीच्या आत पाहावे. एखादीतली पातळी वर-खाली दिसली तर ती रिकामी करून पुन्हा मोजावी. टेबलावर एका वेळी एकच डबा असावा. नुसते पाहून पावडर ओळखणे कुणालाच जमत नाही.

रिकाम्या जागेचा आणखी एक परिणाम होतो. पावडर पुंगळीत आडवी पसरते. नळी वर करून मग नेम धरला तर ती प्रायमरजवळ असते, खाली करून धरला तर गोळीजवळ, आणि दोन्हींचे वेग वेगळे येतात. वेग मोजायचे यंत्र असेल तर हा फरक स्वतः मोजून पाहावा. टाइटग्रुपवर जागेचा परिणाम कमी होतो, पण तिचा आकार इतका लहान की दुहेरी मात्रेची भीती पुन्हा उभी राहते. उरलेली जागा कापसाने वा रव्याने भरण्याचे सल्लेही दिले जातात. त्याने दाब बदलतो. पावडर बनवणाऱ्याने त्या काडतुसासाठी तसे सांगितले नसेल तर भरू नये.

‘तक्त्यात शेजारी म्हणजे अदलाबदल चालेल.’ जलद-संथ क्रमाचा तक्ता फक्त क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. दोन शेजारणींमध्ये किती फरक आहे ते त्यातून कळत नाही, आणि वेगळ्या पुंगळीत, वेगळ्या दाबाला तो क्रमही पालटू शकतो. आकडा सारखा असणे हाही पुरावा नव्हे: आयएमआर ४८९५ आणि एच४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत. तक्ता कुठल्या गटातली पावडर पाहायची एवढे ठरवायला वापरावा, मात्रा ठरवायला नाही.

‘रिव्हॉल्व्हरमध्ये चालले ते रायफलमध्ये चालेल.’ काडतूस तेच असते, नळी ती नसते. रिव्हॉल्व्हरची नळी चार-सहा इंचांची, लिव्हर-ॲक्शनची वीस किंवा त्याहून लांब. जलद पावडरीची थोडी मात्रा पहिल्या काही इंचांतच जळून संपते. पुढे वायू पसरत, थंडावत जातो आणि गोळीला नळीचे घर्षण तोडत जायचे असते. रिव्हॉल्व्हरमधून आळशीपणे का होईना बाहेर पडणारी गोळी रायफलीत मध्येच थांबू शकते, विशेषतः तांब्याच्या आवरणाची. तिचे घर्षण शिशाच्या गोळीपेक्षा बरेच जास्त असते. रायफलसाठी हलके काडतूस भरायचे तर नळीच्या मापाची शिशाची गोळी घ्यावी आणि रायफलच्या नळीतून तपासलेली छापील मात्रा घ्यावी. मात्रांच्या पुस्तकातला सुरुवातीचा आकडा हलक्या कामात तळ मानावा. कमाल आकड्याकडे सगळे पाहतात, या तळाकडे फार थोडे.

उलट बाजूने पाहिले तरी गोष्ट तीच. १८७३च्या विंचेस्टरची बिजागरीसारखी यंत्रणा नाजूक आहे. १८९२च्या मॉडेलमध्ये जॉन ब्राउनिंगने उभे लॉक दिले, ती कितीतरी भक्कम. पुस्तकांत .४५ कोल्टसाठी भक्कम आधुनिक शस्त्रांचे वेगळे पान असते. त्यातली मात्रा जुन्या किंवा १८७३च्या धर्तीच्या रायफलीत घालू नये. अमेरिकेतली मानके ठरवणाऱ्या सामी या संस्थेनुसार .४५ कोल्टची दाबमर्यादा १४,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आहे आणि .३५७ मॅग्नमची ३५,०००. नावे शेजारी लिहिली जातात, पण मर्यादेत अडीच पट अंतर आहे.

फार कमी दाबाचा एक उपद्रव फक्त रायफलवाल्यांना कळतो. पुंगळी फुगून चेंबरला (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) चिकटली नाही तर वायू मागे येतो आणि काजळी थेट यंत्रणेत जाते. सरळ भिंतीच्या, जाड तोंडाच्या .४५ कोल्टला हा त्रास जास्त, पातळ मानेच्या .४४-४०ला कमी. .४५मध्ये पुंगळी काळी पडू लागली तर पुस्तकाच्या मर्यादेत राहून मात्रा थोडी वाढवावी किंवा जरा जड गोळी घेऊन तिची मात्रा पाहावी. आणखी कमी करत जाणे हा उपाय नाही. नळीखालच्या मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेले असते, तेव्हा गोळी चपट्या टोकाची हवी. क्रिंपही घट्ट हवा, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने गोळी पुंगळीत मागे सरकते, जागा घटते आणि दाब चढतो.

.३५७च्या रायफलीत हलके काडतूस हवे म्हणून .३८ची पुंगळी घालता येते. पण काही रायफली आखूड काडतूस नीट चढवत नाहीत, आणि चेंबरमध्ये काजळीचे कडे जमते. मी .३५७ची पुंगळीच हलकी भरायला सांगेन, मात्र .३५७च्या पानावरच्या मात्रेने. .३८ची मात्रा मोठ्या पुंगळीत आणखी कमी दाब देते.

आता निवड. .३८ आणि .३५७साठी मी एचपी-३८कडे वळतो. तिचे दाणे पावडर मोजून टाकणाऱ्या मापकातून फार एकसारखे पडतात, आणि दर पुंगळीत डोकावून पाहण्याची सवय असेल तर तिचा लहान आकार आड येत नाही. .४४-४० आणि .४५ कोल्टच्या मोठ्या पुंगळ्यांसाठी युनिक. तिचे पापुद्रे मापकात कधी अडकतात, कमी दाबात ती थोडी काळी जळते, पण पुंगळीत दिसते, आणि शंभराहून अधिक वर्षे वापरात असल्याने तिच्यासाठी छापील मात्रा विपुल आहेत. जुना ट्रेल बॉसचा सीलबंद डबा हाती आला तर तो .४५ कोल्टसाठी राखावा. आणि हातातल्या गोळीच्या वजनाला या पावडरींची छापील मात्रा सापडली नाही, तर अंदाजाने आकडा काढू नये, गोळी बदलावी.